मागच्या डाव्या दाराचे पोचे

धारूरला किल्ल्याच्या रस्त्यावर माझं घर. ओसरीसमोरच्या लिंबाखाली मी गाड्यांच्या दारांचे पोचे काढतो. तेही रंग न उडवता, आणि डोळे मिटून. डोळा फसतो. मार दगडाचा की म्हशीच्या शिंगाचा, आतून की बाहेरून, हे पत्र्यावर हात फिरवला की मला कळतं. एवढी घमेंड तरी असू द्या गरिबाला!

दुष्काळाचं साल उलटलं आणि पुढच्या एप्रिलात दूध संस्थेचे सेक्रेटरी उत्तरेश्वर आपली पांढरी गाडी घेऊन आले. मागच्या डाव्या दारावर चिंचोक्याएवढी चार टेंगळं होती. एका ओळीत, बाहेर आलेली.

"आतून कुनी ठोकलं?"

"कुनीच न्हाई. तुमी बसवा, रहीमभाई. घरी दिसाया नगं."

आतलं कव्हर काढलं. त्याच्यावर साधा ओरखडा नव्हता. टेंगळांवर माझी मूठ धरून पाहिली, तर फार मोठी पडली.

त्यांच्या माईचं सगळ्या गावाला ठाऊक होतं. पाच वर्षांची पोर. आदल्या एप्रिलात संस्थेच्या चारा छावणीवर टँकर आला, तेव्हा ती आईमागं पाण्याला गेली असं समजून उत्तरेश्वरांनी गाडी लॉक केली आणि चारा वाटायला गेले. पोर मागच्या सीटवर झोपली होती. सापडली तेव्हा दुपार कलली होती.

टेंगळं बसवताना रडू आलं, ते सांगायला लाज कसली?

पुढच्या एप्रिलात पुन्हा चार. या खेपेला दोन बोटं वर. त्याच्या पुढच्या साली आणखी वर, आणि बोराएवढी. पोर वाढत होती.

"गाडी विकत का न्हाई, साहेब?"

"आन माईला कुनाच्या दारात सोडू?"

यंदा पुन्हा छावण्या पडल्या. या खेपेला उत्तरेश्वरांसोबत त्यांच्या बायको सावित्रीबाईही आल्या. मी पाण्याचा तांब्या पुढं केला, तो त्यांनी तसाच हातात धरून ठेवला.

"रोज दुपारी काचा लावून गाडीत बसतेत, भाऊ. सा वर्सं झाली. लेकरानं सोसलं तेवढं सोसतो म्हणतेत. लेक गेली, आता ह्येबी जातील. तुमी तरी सांगा."

उत्तरेश्वर खाली मान घालून उभे होते. मी डोळे मिटले आणि दारावर हात ठेवला.

चारच होते. एका ओळीत, काचेच्या जरा खाली.

पण टेंगळं नव्हती. खळगे होते.

दोनदा हात फिरवला.

"साहेब, ह्यो मार बाहेरून हाय."

त्यांनी मान वर केली.

"तुमी आत व्हतात?"

"काल," ते हळूच म्हणाले. "जीव घाबरा झाला, मग डोळा लागला. कुनीतरी दार ठोकत व्हतं. लई जोरात. उघडलं, तर हाताला धरून मला सावलीत नेलं. मला वाटलं, सावित्री."

"मी माहेरी गेलते," सावित्रीबाई म्हणाल्या.

उत्तरेश्वरांनी आपला उजवा हात पुढं केला आणि बराच वेळ त्याच्याकडं पाहत राहिले.

"माईचा हात मोठा झालाय, रहीमभाई," ते म्हणाले. "पन लई गार हाय."