एक नंबरचा ठिपका

काम तसं साधंच होतं. डोंगरात हरवलेल्यांना शोधणाऱ्या पथकाच्या वॉकीटॉकींमध्ये ताईने एक नवा भाग बसवला होता. बोलायचं बटण दाबलं की बोलणाऱ्याचा ठावठिकाणा चौकीतल्या आणि बाकी सेटांवरच्या नकाशात ठिपका होऊन उमटायचा. त्याची चाचणी घ्यायला धाकटी बहीण दुपारीच सेट घेऊन डोंगरावर गेली होती; चालताना मधूनमधून बटण दाबायचं ठरलं होतं. ताई चौकीत पडद्यासमोर बसली होती, अधू पाय स्टुलावर टाकून.

पथकात आधी ताई होती, हे आता कुणाच्या खिजगणतीतही नव्हतं. दोन वर्षांपूर्वी ती घळीत पडली, पाय कायमचा गेला, आणि तिचा एक नंबरचा सेट खालीच राहिला. तिच्या जागी धाकटी लागली. तीही ताईचेच बूट घालून! तेव्हापासून जो तो धाकटीचे गोडवे गातो. डोळे फोडून जोडकाम करावं ताईने, आणि फोटो छापून यावा हिचा. ताईच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. बोलून दाखवायची नाही, एवढंच.

तीनच्या सुमारास धुकं उतरलं. खिडकीसमोरचा खांबही दिसेना. ओल्या मातीचा वास आत शिरला आणि बाहेरचे सगळे आवाज बंद झाले.

पडद्यावर धाकटीचा चार नंबरचा ठिपका उमटला. त्याच्या जरा पुढे आणखी एक. नंबर एक.

ताईने डोळे चोळले. त्या सेटमध्ये नवा भाग नव्हताच. तो तर दोन वर्षं घळीत पडलेला...

"ताई," सेट खरखरला, "पुढे कोण आहे गं? माझ्या सेटवर एक नंबर दिसतोय. त्याच्यामागे जाऊ? वाटच कळत नाहीये..."

एक नंबर सरकला. घळीच्या दिशेने. थोड्या वेळाने चार नंबरही.

'थांब' म्हणायला असा कितीसा वेळ लागतो? ताईचा अंगठा बटणावरच होता. पण ते दाबलं जाईना. जाऊ दे, तिच्या मनात आलं. पडू दे हिलाही एकदा. स्टुलावर पाय टाकून बसणं म्हणजे काय ते कळू दे.

मग ती एकदम भानावर आली. अगं बाई, हे मी काय...

"थांब! एक पाऊलही पुढे टाकू नकोस! मागे फिर!"

ती पडद्यावरच्या चार नंबरकडे बघत राहिली.

तासाभराने दार उघडलं. धाकटी चिखलाने माखली होती. सेट बंद करून टेबलावर टाकत तिने ताईला घट्ट मिठी मारली. "दोन पावलांवर कडा होता, ताई. तू ओरडलीस म्हणून वाचले."

ताईला रडू फुटलं. तिने बहिणीला उराशी धरलं.

"पण आधी तसं का बोललीस?"

"कसं?"

"'ये गं, घाबरू नको, मी आहे ना पुढे...' किती मायेने बोललीस! इतकं गोड तू कधी बोलत नाहीस माझ्याशी. म्हणून तर निघाले."

ताईने बटण एकदाच दाबलं होतं.

धाकटीच्या खांद्यावरून तिची नजर पडद्यावर गेली. दोघींचे सेट टेबलावर बंद होते. तरी नकाशावर एक ठिपका होता. एक नंबर. घळीतून निघून तो बरोबर चौकीवर येऊन थांबला होता, आणि कुणीतरी बटण दाबून धरल्यासारखा लखलखत होता.

"ताई," धाकटी कुजबुजली, "अंगठा काढ ना... पाठीत रुततोय."