उजव्या बोटावरची काठी

डिसेंबर १९७६. सोलापुरातल्या आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत एक स्टॉपवॉच होतं, तीन फुटी काठ्या तीन, खुर्च्या दोन आणि मी. अकरा माणसं तपासून झाली होती. बारावा हवा होता.

तो दार चुकून आत आला. सिद्धाराम, चाटी गल्लीतला कापडवाला. पुतणीची फी भरायला आलेला. माझ्या बोटावर डगमगणारी काठी बघून हसला.

"बाई, अशी नव्हं धरायची!"

"मग तुम्ही धरा की."

त्यानं धरली. ती हललीच नाही! दर संक्रांतीला यात्रेत तो घराहून उंच नंदीध्वजाची काठी कमरेच्या पट्ट्यावर पेलायचा.

मी त्याला सांगितलं, "उजव्या हाताला मेंदूचा डावा अर्धा भाग चालवतो. बहुतेकांचं बोलणंही तिथूनच होतं. म्हणून बोलताना उजव्या बोटावरची काठी लवकर पडते, डाव्यावरची टिकते. बोला काहीतरी."

"हर्र बोला हर्र!" तो गर्जत राहिला. मिनिट संपलं… उजव्या बोटावरची काठी तशीच.

"उद्या या," मी म्हटलं.

"पायजे तसा निकाल येईपर्यंत बोलवणार काय?"

"येईपर्यंत नाही. कळेपर्यंत."

रोज संध्याकाळी गिरणीचा भोंगा झाला की तो यायचा. पाढे म्हणायचा, कापडाचे भाव सांगायचा. काठी उभी, आणि नजर माझ्याकडे.

"काठीकडे बघा."

"ती कुटं पळतीय? पळणार तर तुमी. सोमवारी बंगळूरला, म्हणं."

"संशोधनाला. दोन वर्षं."

त्याचं हसू मावळलं. तो गुमान पुन्हा पाढ्यांकडे वळला, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं — जयघोष, पाढे, भाव… सगळं पाठ! पाठ असलेलं बोलायला मेंदूला कष्टच पडत नव्हते.

"आजवर कुणाशीच बोलला नाहीत, असं काही बोला," म्हणत मी स्टॉपवॉचचा खटका दाबला.

तो घुटमळला. "विमलबाई… मला तुमच्याशी… लगीन—"

काठी माझ्या पायाशी.

"अय्यो! हे लिहू नका की."

"लिहिणार. पाच सेकंद." माझे कान तापले होते, पण प्रयोग अर्धाच झाला होता. "आता डाव्या बोटावर. तेच बोला… पुरं."

"लई कडक हाय तुमचं शास्त्र!"

पण बोलला. या वेळी वाक्य पुरं झालं. काठी उभीच होती.

"आणि तुमचं उत्तर?"

मी स्टॉपवॉच त्याच्या तळहातावर ठेवलं. गप्प राहिले तर माझी काठी वीस सेकंद टिकायची. ती उजव्या बोटावर घेतली.

"दोन वर्षं पुरी करूनच येणार. थांबाल तर… हो—"

त्यानं आकडा मोठ्यानं वाचला. मी तो लिहून घेतला.

उजवा हात, बोलताना : चार सेकंद.