‘तू’ म्हणणारी मी नव्हे

“काल तुम्ही मला ‘तू’ म्हणालात,” तो म्हणाला.

शनिवारची सकाळ, बाहेर आमच्या तुन्हा गावाची ती हाडं गारठवणारी भुरभुर, आणि मी नुकतं दुकान उघडून लोकरीचे गठ्ठे मांडत होते. दारात एक उंच तरुण. केसांवर पाण्याचे थेंब, हातात फोन. चेहरा कधी पाहिलेला नव्हता.

“मी? तुम्हाला?”

“हो. मी दुवान. दुइतामा गावचा... करडी रुआना.”

अगं बाई, हा होय तो! डोक्यातून घालायच्या त्या लोकरीच्या पांघरुणासाठी या माणसाने महिनाभर माझं डोकं खाल्लं होतं. करडी आहे का, जरा गडद करडी आहे का, उन्हात कशी दिसते. मी चिडायचे, आणि त्याचा मेसेज आला नाही की उगीचच फोन उघडून बघायचे. का, ते विचारू नका.

“आमच्याकडे कुणी कुणाला ‘तू’ म्हणतं का?” मी म्हणाले. सुमेर्से म्हणजे आमच्याकडचं आदराचं, मायेचं ‘आपण’. “आईला सुमेर्से, गिऱ्हाइकाला सुमेर्से, मांजराला हाकलायचं तरी सुमेर्से.”

“म्हणूनच आलो. मला वाटलं, एक तर या मुलीचा फोन कुणीतरी पळवलाय, नाहीतर...”

“नाहीतर काय?”

“नाहीतर काही नाही.” त्याचे कान लाल झाले. फोन माझ्यापुढे धरला. माझं नाव, माझा फोटो, आणि खाली लिहिलेलं — ‘कसा आहेस? तू माझी एक नड भागवशील? अडचणीत आहे, उद्या परत करते.’

माझे मेसेज कालपासून बंद होते. मला वाटलं होतं, फोन म्हातारा झाला.

“काल-परवा कुणाचा फोन आला होता?” त्याने हळूच विचारलं. “आकडे विचारणारा?”

आला होता. पार्सलवाला म्हणाला, तुमच्या फोनवर एक नंबर आलाय, तेवढा वाचून दाखवता का? इतकं गोड ‘सुमेर्से’ म्हणाला मेला, की नाही म्हणवेना. आम्हाला नाही म्हणायला शिकवलेलंच नाही. मी वाचून दाखवला, वर त्याला ‘देव भलं करो’ही म्हटलं.

दुवान हसला नाही. हसला असता तर हाकलूनच दिला असता. “बोलताना सुमेर्से आलं, लिहिताना विसरला,” एवढंच म्हणाला.

आम्ही खातं परत मिळवायला गेलो, तर चोराने त्याला स्वतःचं कुलूप घालून ठेवलेलं. ते उघडायला आठवडा लागणार; तोवर माझं नाव त्याच्या ताब्यात. आणि तेव्हा मला आठवली मद्रिना एर्मेलिंदा... बाप्तिस्म्याला मला हातात धरणारी, आई गेल्यावर मला वाढवणारी. वर डोंगरात एकटी राहते. डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी साठवलेले पैसे तिच्या फोनमध्येच असतात. आपली नुबिया, म्हणजे मी, अडचणीत आहे म्हटल्यावर ती एक क्षण विचार करणार नाही.

“फोन लावा ना.”

“तिच्या घरी रेंज नाही. सकाळी जरा उशिरा गाई वळायला टेकडीवर जाते, तेव्हा सगळे मेसेज एकदम येतात.”

“आणि तोवर?”

“तोवर तिच्यापर्यंत काहीच पोचत नाही, रेडिओ सोडून.”

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्याचे डोळे मधाच्या रंगाचे आहेत, हे मला भलत्याच वेळी कळलं. दुसऱ्या क्षणी आम्ही चौकातल्या रेडिओ केंद्राकडे भिजत पळत होतो. हरवलेल्या गाई, लग्नं, मयती, सगळं तिथूनच डोंगरापर्यंत पोचतं.

निवेदक आन्सेल्मोंनी गाणं मधेच थांबवलं आणि माइक माझ्याकडे सरकवला. मी तो दोन्ही हातांनी धरला.

“मी नुबिया. लोकरीच्या दुकानातली. माझ्या नावाने कुणी पैसे मागितले तर देऊ नका. मद्रिना, ऐकताय ना? मी बरी आहे. आणि माझ्या नावाने तुम्हाला कुणी ‘तू’ म्हणालं, तर ती मी नव्हे.”

आन्सेल्मोंना मात्र वेगळाच रस आला. “आणि हे साहेब कोण? एका ‘तू’वरून चोर ओळखलात?”

दुवान माइककडे सरकला.

“मी त्यांचे सगळे मेसेज वाचलेत,” तो म्हणाला. “पुन्हा पुन्हा. खरं सांगायचं तर... मला रुआना नकोच होती. घरी आहे एक. त्यांचं ‘सुमेर्से’ वाचायला मिळावं म्हणून रंग विचारत होतो.”

“माइक चालू आहे,” मी कुजबुजले.

“माहितीये,” तो म्हणाला.

तेवढ्यात केंद्राचा फोन वाजला. आन्सेल्मोंनी तो तसाच थेट प्रसारणात घेतला. पलीकडे वारा, गाईचं हंबरणं, आणि मद्रिना. धाप लागलेली.

“नुबिया, सुमेर्से खरंच बऱ्या आहात ना? टेकडीवर आले तर हा मेसेज. वाटलं, पोर मला ‘तू’ म्हणतेय म्हणजे फारच घाबरलीये. पैसे पाठवायला बटणावर बोट ठेवलं होतं हो. खिशातला रेडिओ बोलला म्हणून वाचले.”

रडू आलं ते आवरलं नाही. दुवानने रुमाल पुढे केला, तोही ओला होता.

“आणि त्या मुलाला सांगा,” मद्रिना म्हणाली, “मला दिसत कमी असलं तरी ऐकू छान येतं. उद्या दोघं जेवायला या. काय ते उत्तर द्या त्याला, आम्ही सगळे खोळंबलोय.”

आन्सेल्मोंनी माइक माझ्या तोंडापाशी आणला. डोंगरातलं एकेक स्वयंपाकघर आता कान लावून बसलं असणार. आता आठवडाभर माझं नाव, माझे फोटो, माझी माणसं कुणा परक्याच्या हाती राहणार होती. एवढी एक गोष्ट तरी मला माझ्याकडे ठेवायची होती.

“बंद करा तो,” मी म्हणाले.

लाल दिवा विझला. आन्सेल्मो मोठ्या मनाने कॉफी आणायला गेले. मी दुवानकडे वळले, आणि त्याच्या ओल्या बाहीला धरून अगदी हळू म्हणाले, “तू रोज मेसेज करत जा.”

तो बघतच राहिला. “पण आत्ताच सांगितलंत ना... ‘तू’ म्हणणारी मी नव्हे?”

“ते लोकांसाठी,” मी म्हणाले. “तुझ्यासाठी मीच आहे.”