घुबडाचा नंबर

दुपारी गिऱ्हाईक नसलं, की चष्मेवाला स्वतःचाच चष्मा शोधत बसायचा. साऱ्या गावाला नजर देणारा हा माणूस, आणि स्वतःचा चष्मा कपाळावर चढवून टेबलाखाली, पेट्यांमागे, खिडकीत हुडकत फिरायचा. त्या दुपारीही तेच चाललं होतं. दारातून आवाज आला, "कपाळावर आहे," आणि मागे वळून न बघताच त्याने ओळखलं, की ताई आली.

ताई त्याची सख्खी बहीण नव्हे. त्याच्या मित्राची थोरली बहीण. पण मित्र जाऊन इतका काळ लोटला होता, की नातं आता सरळ या दोघांतच उरलं होतं. ती मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. बोलणं फटकळ, पण कोणी आजारी पडलं की सगळ्यांच्या आधी हीच दारात उभी. वर्षातून एकदा ती दुकानात यायची, पिशवीतून पत्र्याची डबी काढायची आणि डबीतून मऊ कापडात गुंडाळलेला एक चष्मा. गोल काचा, पितळी फ्रेम. चष्मेवाला स्क्रू आवळायचा, काड्या सरळ करायचा, काचा साबणाच्या पाण्याने धुऊन द्यायचा.

चष्मा तिच्या धाकट्या भावाचा होता. त्याला सगळे घुबड म्हणत. लहानपणी हा चष्मा पहिल्यांदा नाकावर चढला, तेव्हा तिनेच पोट धरून हसत ते नाव ठेवलं होतं आणि ते त्याला कायमचं चिकटलं. घुबड आणि चष्मेवाला एका बाकावरचे. चष्मेवाला तेव्हा बापाच्या हाताखाली काचा घासायला शिकत होता. त्याने आयुष्यात पहिल्यांदा घासल्या त्या याच काचा. डावीच्या कडेचा एक टवका त्याच्या हातून उडाला होता आणि बापाने तो न बोलता फ्रेमच्या खाचेत लपवून दिला होता. नंबर मायनस पाच. चष्मा काढला, की समोर उभा आहे तो बाप्या की बाई, हे घुबडाला आवाजावरून ठरवावं लागे. शिवाय हट्ट असा, की गरम चहा पितानाही चष्मा काढायचा नाही. काचांवर वाफ धरायची, दिसेनासं व्हायचं, आणि हा त्या धुक्यातूनच कप संपवायचा. ताई रोज हसायची आणि रोज रागवायची.

अशा पोराने गोऱ्या सरकारशी वैर धरलं. दिवसा तो छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा आणि मालकाची पाठ वळली, की बंदी घातलेली पत्रकं छापून घ्यायचा. ती गावभर पोचवायची युक्तीही त्याचीच. चष्म्याच्या डबीतली मखमल उचलायची, खाली पत्रकाची घडी ठेवायची, मखमल पुन्हा चिकटवायची आणि डबी गिऱ्हाइकाच्या हाती द्यायची. त्या वर्षी गावात डोळ्यांच्या तक्रारी फारच वाढल्या होत्या. चष्मेवाल्याच्या बापाला सगळं कळत होतं. तो एवढंच म्हणायचा, "मखमल नीट चिकटवा रे, माझ्या दुकानाची अब्रू जाईल."

मग एका सकाळी पोलीसप्रमुखाच्या गाडीवर बॉम्ब पडला. गाडी जळाली, साहेब वाचला. दुपारपर्यंत भिंतींवर वर्णन लागलं होतं: वय एकोणीस, अंगाने किरकोळ, डोळ्यांना जाड चष्मा. घुबड मागच्या दाराने घरी आला, चष्मा काढला आणि ताईच्या हातात दिला. "जपून ठेव. परत आलो की लागेल." असं म्हणून निघाला तो थेट दाराच्या चौकटीवर जाऊन आपटला. पोलीस कोणत्याही क्षणी येतील अशी वेळ, आणि ही दोघं भावंडं तोंडावर हात दाबून हसत उभी. हसू आवरलं तसा तो कपाळ चोळत निघून गेला.

पोलीस मागे लागले तेव्हा त्याने पुलावरून नदीत उडी घेतली आणि बुडाला, असं सरकारने जाहीर केलं. प्रेत सापडलं नाही. पुढे देश स्वतंत्र झाला, गोरे गेले, पूल होता तिथेच राहिला. ताईने मात्र 'गेला' हा शब्द त्याच्यासाठी कधी वापरला नाही. कोणी विचारलं तर म्हणायची, "बाहेर आहे."

त्या दुपारी ती नेहमीसारखी बसली नाही, टेबलाशी उभीच राहिली.

"स्मारक समितीचे अध्यक्ष आले होते," ती म्हणाली. "शाळेला त्याचं नाव द्यायचंय. एक खोली करणार आहेत, त्यात हा चष्मा हवाय. आणि दारात दगड बसवणार, त्यावर जन्माची तारीख आणि..."

"आणि पुलावरची."

"मी हो म्हटल्याशिवाय कोरणार नाहीत म्हणाले. भला माणूस आहे." तिने डबी पुढे सरकवली. "मी अजून काही बोललेले नाही. पण चष्मा द्यायची वेळ आलीच, तर धड असावा. काचेला तडा गेलाय, बघ."

चष्मेवाल्याने चष्मा उजेडाकडे धरला. काचेच्या खालच्या भागात एक बारीक आडवी रेघ होती. दुसऱ्या काचेतही होती, अगदी त्याच उंचीवर. तडा असा जोडीने जात नाही. त्याने नख फिरवून पाहिलं, मग चष्मा हातभर लांब धरला आणि खिडकीच्या गजाकडे बघत डावीकडून उजवीकडे हलवला. नंबर काढायची ही बापाने शिकवलेली रीत. मायनस काचेतून पाहिलेला गज काचेबरोबर सरकतो. त्या काचेवर उलट्या नंबरची काच धरायची आणि गज जागच्या जागी थांबला, की नंबर सापडला. त्याने पेटीतून प्लस पाच काढून वर धरली. गज थांबेना. सहा धरली, तेव्हा थांबला. रेघेच्या खाली मात्र त्याहून बऱ्याच कमी नंबरला थांबला.

"ताई, काचा कोणी बदलल्या?"

"डबी माझ्या कपाटात, किल्ली माझ्यापाशी. कोण बदलणार?"

त्याने फ्रेमचा स्क्रू काढून डावी काच सोडवली. कडेला टवका होता. स्वतःच्या हातची पहिली चूक माणूस विसरत नाही. काच तीच होती.

"हा तडा नाही," तो शेवटी म्हणाला. "बायफोकल आहे. वर लांबचं, खाली वाचायचं. चाळिशी लागली की करून घेतात तसा."

"एकोणीस वर्षांच्या पोराला कसली चाळिशी?"

त्याने स्वतःचा चष्मा नाकावरून उतरवला. तो टेबलावर तिच्यापुढे ठेवला. त्यातही तशीच रेघ होती. जवळचा नंबर त्याला नुकताच लागला होता, आणि तो नेमका या वरच्या-खालच्या नंबरांतल्या फरकाएवढाच होता. ताईने एकदा त्या चष्म्याकडे पाहिलं, एकदा घुबडाच्या. गणिताच्या बाईला पुढचं सांगावं लागलं नाही.

तेवढ्यात त्याला काड्या आठवल्या. दरवर्षी त्या बाहेरच्या बाजूला थोड्या फाकलेल्या असायच्या आणि तो मनातल्या मनात ताईवर चरफडत त्या आत वळवायचा. रोज चष्मा लावणाऱ्या माणसाचा चेहरा भरत गेला, की काड्या तशाच फाकतात. इतक्या वर्षांत ही गोष्ट त्याच्या डोक्यात आली नव्हती.

ताई आता खुर्चीवर बसली. तिने काचेतल्या रेघेवरून बोट फिरवलं, आणि मग तिचा चेहरा एकदम उजळला.

"म्हणजे त्याला कोणीतरी डोळे दाखवायला नेतं," ती म्हणाली. "आपणहून जाणाऱ्यांतला नाही तो. कोणीतरी दंडाला धरून नेत असणार. बायको असेल. चांगली असणार रे, नाहीतर याचं ऐकून घेतं कोण?"

ती हसली, हसता हसता रडली आणि ज्या कापडाने डोळे पुसले त्याच कापडाने काचा पुसल्या. चष्मेवाला हिशेबी डोक्याचा माणूस. काच वाळूपासून होते आणि वाळूला वय चढत नाही, एवढं तो जाणून होता. पण 'ताई, असं होत नसतं' म्हणायला त्याची जीभ रेटली नाही. आणि खरं सांगायचं तर त्यालाही बरं वाटत होतं. मित्र कुठेतरी बसून पेपर हातभर लांब धरून वाचतोय, हे चित्र त्याला फार आवडलं.

स्मारकाच्या खोलीसाठी त्याने हुबेहूब तसाच दुसरा चष्मा करून दिला. दगडावर जन्माची तारीख कोरली गेली, तिच्यापुढे बोटभर आडवी रेघ आणि त्यापुढे कोरी जागा. अध्यक्ष एकदा दुकानात येऊन म्हणाले, "बाई ऐकत नाहीत, तुम्ही तरी समजवा." चष्मेवाला म्हणाला, "मला काचांतलं कळतं साहेब, माणसांतलं नाही."

त्यानंतर ताई दरवर्षी आली, की डबी टेबलावर ठेवून विचारायची, "कसा आहे?" तो खिडकीच्या गजाकडे बघत चष्मा हलवायचा आणि म्हणायचा, "वाढलाय थोडा. आपल्या वयात वाढतोच." एका वर्षी उजवी काडी पार वाकलेली निघाली. "उशाशी घेऊन झोपला असेल आणि कूस वळला असेल," ताई म्हणाली. "लहानपणी हेच करायचा." एका वर्षी काचेवर ओरखडे होते. त्यावरून तिने घुबडाला अर्धा तास बोलून घेतलं आणि चष्मेवाल्याने मित्राची बाजू घेऊन पाहिली. ताईची पाठ वाकली, चष्मेवाल्याचे हात थोडे कापायला लागले, आणि त्या डबीतला तिसरा माणूस त्यांच्याबरोबर म्हातारा होत गेला. दोघांनाही त्याची सवय झाली.

मग एका सकाळी दुकान उघडायच्या आत ती पायरीवर बसलेली दिसली. वर्ष भरायला अजून बराच अवकाश होता.

"पुसायला काढला होता," ती म्हणाली. "रेघ दिसत नाहीये. माझे डोळे गेले असतील, तू बघ."

त्याने कुलूप काढलं. तिला खुर्ची दिली. चष्मा हातात घेतला.

रेघ नव्हती. ओरखडेही नव्हते.

त्याने चष्मा लांब धरून गजाकडे पाहिलं आणि डावीकडे हलवला. गज हलला नाही. उजवीकडे हलवला. गज जागचा ढळला नाही. पेटीतली एकही काच धरावी लागली नाही. खिडकीला असते तशी साधी काच झाली होती.

त्याने स्क्रू काढला. टवका जागेवर होता.

पेटीत काचा भरपूर होत्या. दुपारपर्यंत रेघेसकट पहिल्यासारखा नंबर बसवून देणं त्याला अवघड नव्हतं. 'वाढलाय थोडा,' एवढंच म्हणायचं होतं. त्याने मान वर केली. ताई त्याच्याकडेच बघत होती, वर्गात पोरगं खोटं उत्तर जुळवत असताना बघायची तशी.

"किती?" तिने विचारलं.

"शून्य."

ती हळूच मान हलवत राहिली. "काल संध्याकाळी होती रेघ," ती म्हणाली. "म्हणजे रात्री कधीतरी. झोपेत गेला असेल. त्रास नसेल झाला." मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "म्हातारा होऊन गेला रे. गोऱ्यांच्या हाती नाही लागला."

'गेला' हा शब्द तिच्या तोंडून त्याने पहिल्यांदा ऐकला. त्याला रडू आवरलं नाही. तिनेच त्याच्या पाठीवर हात ठेवला.

तशीच ती त्याला घेऊन अध्यक्षांकडे गेली. अध्यक्षांचंही वय झालं होतं. "ती कोरी जागा भरून टाका," ताई म्हणाली, "आजची तारीख घाला." अध्यक्षांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग काकुळतीने चष्मेवाल्याकडे. "ताई सांगते ते बरोबर आहे," चष्मेवाला म्हणाला. अध्यक्षांनी पाथरवटाला निरोप धाडला. ती तारीख आजही तिथे आहे. शाळेतली मुलं वजाबाकी करतात आणि विचारतात, आणि मास्तर सांगतात, पाथरवट चुकला.

दगडाचं काम झालं त्या दुपारी दोघं ताईच्या घरी आली. तिने पातेल्यात पाणी ओतून आधण ठेवलं आणि टेबलावर कप मांडले. तीन.

चष्मेवाला आपल्या खुर्चीवर बसला. तिने डबीतून चष्मा काढला, काड्या उघडल्या आणि तिसऱ्या कपासमोर ठेवला, काचा टेबलाकडे आणि काड्या रिकाम्या खुर्चीकडे.

मागचं दार उघडं होतं. बाहेर लख्ख ऊन होतं. वारा नव्हता.

खुर्ची किंचित करकरली. जुनं लाकूड उन्हाने करकरतं, असं चष्मेवाल्याने स्वतःला सांगितलं.

ताई पातेल्याशी पाठमोरी उभी होती. तिने मागे पाहिलं नाही. पण तिचा हात तोंडावर गेला आणि हसू दाबताना हलतात तसे खांदे हलले.

"बघ," ती म्हणाली, "आज नाही आपटला चौकटीवर."

चष्मेवाल्याने चष्म्याकडे पाहिलं. काचांच्या आतल्या बाजूने, खुर्चीकडच्या बाजूने, वाफ धरली होती. ती हळूहळू विरली. पुन्हा धरली.

कप तिन्ही कोरडे होते. पाण्याला अजून उकळी यायची होती.