सतरावा खिळा

धान्याच्या गोदामाच्या फाटकावरचे पहारेकरी आयुष्यात कधी शाळेत शिकवायला गेले नव्हते. पण केबिनमध्ये सदा पुस्तक उघडं, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. मोठ्या फाटकाला लागून माणसांसाठी छोटं दार होतं आणि दाराशी भिंतीवर लाकडी फळा. फळ्यावर बेचाळीस खिळे, खिळ्यांवर पत्र्याचे बेचाळीस बिल्ले. आत जाताना हमालानं आपला बिल्ला काढून खिशात टाकायचा, बाहेर पडताना परत लावायचा. खिळा मोकळा म्हणजे माणूस आत.

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी त्या फळ्याशी सगळ्यांच्या जिवाची गाठ असे. किडीसाठी त्या दिवशी दुपारी चारला गोदामात विषारी गोळ्या ठेवत, दारांच्या फटी चिकटपट्टीनं बुजवत आणि पाच दिवस आत कुणी पाऊल टाकत नसे. "तासाभरात आत उंदीर उरत नाही," गॅसवाला अभिमानानं सांगायचा. पण फळा भरल्याची चिठ्ठी मास्तरांनी सही करून दिल्याशिवाय तो डब्याला हात लावत नसे.

पूर्वी फाटकावर दोघे होते, एक माणसांना आणि एक गाड्यांना. दुसऱ्याला कमी केलं आणि मास्तर एकटे उरले. हमाल सुटायच्या वेळेलाच नेमके रिकामे ट्रक बाहेर पडायचे. ताडपत्री उचलून बघा, ड्रायव्हरशी हुज्जत घाला, यात फळ्याकडे पाठ व्हायची. मग मास्तरांनी कान कामाला लावले. बिल्ला खिळ्यावर पडला की टण् वाजे. ते पाठमोरे उभे राहून मोजत.

चूक झाली ती दहा महिन्यांपूर्वी. एक्केचाळीस वाजले आणि पुढे काही वाजेना. सतरावा खिळा मोकळा होता. सतरा नंबर हा एकटा राहणारा, हसरा हमाल. त्याचा बिल्ला कधीतरी ट्रकच्या चाकाखाली येऊन कोपऱ्यात दुमडला होता, तर त्यात लाल दोरा ओवून तो मिरवायचा. रोज बाहेर पडताना मास्तरांच्या खांद्याला बोट लावून विचारायचा, "काका, मोजलंत ना मला?" त्यांना काका म्हणणारा तेवढा एकच.

"ट्रकवर बसून गेला असेल बिल्ला खिशात घेऊन," सुपरवायझर म्हणाला. "पहिल्यांदा का गेलाय? सही करा."

बिल्ला हरवला तर म्हणून ड्रॉवरमध्ये ठेवलेला सतराचा जोडबिल्ला मास्तरांनी काढला, खिळ्यावर लावला आणि सही केली.

तो हमाल पुन्हा कामावर आला नाही. गोदाम उघडल्यावर मास्तर स्वतः थप्प्यांच्या ओळीओळीतून फिरले. पोती, धूळ, मेलेले किडे. माणूस नव्हता. गेला असेल कुठेतरी, असं त्यांनी स्वतःला समजावलं. मन मानेना, तरी समजावलं. जोडबिल्ल्याबद्दल ते कुणाशी बोलले नाहीत.

पुढच्या महिन्यापासून ऐकू येऊ लागलं. सतराचा जोडबिल्ला खिळ्यावरच असायचा, म्हणून वाजायला हवेत एक्केचाळीस; ते वाजून झाले की जरा थांबून बेचाळिसावा. वळून बघावं तर फळा नेहमीसारखा, छोटं दार हलतंय, आणि हवेत कुजक्या लसणासारखा वास. गोळ्यांचा वास, डबा उघडायच्या आधी. कान म्हातारे झाले, असं ते स्वतःला म्हणाले. तिसऱ्या खेपेला मात्र राहवेना. त्यांनी चिठ्ठी अडवली. तीन तास शोधाशोध झाली आणि हाती काही लागलं नाही.

"माणूस कमी पडला म्हणून थांबवणारे पाहिलेत," सुपरवायझर म्हणाला, "जास्त झाला म्हणून थांबवणारे तुम्हीच." लेखी समज मिळाली. पुढे तो जास्तीचा बिल्ला वाजला की मास्तर मान खाली घालून सही करत.

अशात जावयाचं काम सुटलं. मास्तरांनी शब्द टाकून त्याला इथे लावून घेतलं. रिकामा नंबर एकच होता. दुसरा मागायचा तर कारण सांगावं लागलं असतं.

"एकदम कोरा आहे की, मामा!" जोडबिल्ला उलटसुलट करत जावई म्हणाला. "माझ्यासाठीच राखून ठेवला होतात वाटतं."

मास्तर कसेबसे हसले.

त्या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी फाटकात दोन ट्रक आडवे अडकले होते. ड्रायव्हर एकमेकांवर ओरडत होते. पाठीमागे बिल्ले वाजत होते; आता जावई धरून बेचाळीस वाजायला हवे होते. चाळीस. एक्केचाळीस. बेचाळीस.

मास्तर श्वास धरून थांबले.

त्रेचाळिसावा वाजला नाही.

दहा महिन्यांत पहिल्यांदा आकडा जुळला. "सुटलो," ते पुटपुटले आणि वळले.

फळा भरलेला होता. सतराव्या खिळ्यावरच्या बिल्ल्याचा कोपरा दुमडलेला होता. त्याला लाल दोरा होता.

"साहेब, आत बघा एकदा," मास्तर धावत जाऊन सुपरवायझरला म्हणाले. "माझा जावई आत आहे."

"फळा भरलाय ना?"

"भरलाय, पण बिल्ला त्याचा नाही..."

"मास्तर, जास्त झाला तरी नको, बरोबर झाला तरी नको. आम्ही करायचं काय?"

"मी आत्ताच आत हाका मारून आलो," गॅसवाला म्हणाला. "घरी फोन लावा की. गल्लीपलीकडे तर घर."

मास्तरांनी लेकीला फोन लावला.

"हे काय, आत्ताच आले," ती म्हणाली. "मोरीत हातपाय धुताहेत. धाप का लागलीय तुम्हाला?"

"नक्की तोच आहे?"

"काहीतरीच काय, बाबा! नवरा ओळखता येत नाही होय मला?"

मास्तरांनी फोन ठेवला. जुना बिल्ला पोत्यांत कुठे सापडला असेल आणि जावयानं गंमत म्हणून लावला असेल. माणूस घरी आहे, आणखी काय हवं? त्यांनी सही केली.

शेवटच्या दाराला पट्टी लावताना आतून पत्रा दोनतीनदा वाजला. "उन्हानं तापतो," गॅसवाला म्हणाला.

सहाला पाळी संपल्यावर मास्तर लेकीच्या घरी गेले. ती दारातच हळू आवाजात म्हणाली, "आल्यापासून गप्प आहेत. खिडकीकडे तोंड करून बसलेत. आणि अंगाला कसला वास येतोय, बाबा. दोनदा आंघोळ केली तरी जात नाही."

मास्तर उंबऱ्याशी थांबले. खिडकीजवळ जावई पाठमोरा बसला होता. तीच मान, तेच खांदे, तोच निळा शर्ट. खोलीत लसूण कुजल्यासारखा वास भरला होता. भिंतीवरच्या घड्याळात सव्वासहा झाले होते. दारं बुजवून दोन तास होत आले होते.

"जावईबापू," मास्तर म्हणाले.

तो वळला नाही. आवाज मात्र जावयाचाच होता.

"काका, मोजलंत ना मला?"