खालून दोन झटके

माझा ओमेश्वर मामा जन्मभर मासे धरत आलाय. पण पकडलेला मासा केवढा होता हे सांगताना त्याचे हात नेहमी लहानच माप दाखवतात. म्हणून त्याच्यासोबत जे घडलं ते मी खरं मानते.

गोष्ट मागच्या वर्षीची. दसरा झाला होता, दिवाळी यायची होती.

जागा गोंदियाकडच्या चिचगडच्या बाजूची. जंगलाला लागून मोठा तलाव आहे. नाव लिहीत नाही, कारण तिथे आजही लोक पाण्यात उतरतात.

या तलावाच्या तळाशी एक लोखंडी डोंगा, म्हणजे मासेमारीची नाव, आहे. तो मुद्दाम बुडवलेला आहे. डोंगा जुना झाला तेव्हा गावातल्या ढिवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या, संस्थेनेच त्यात झाडाच्या फांद्या भरल्या आणि खाली सोडला. मासे अशा आडोशाला राहतात, पिल्लं तिथेच वाढतात. अख्ख्या मोहल्ल्याच्या चुली त्या डोंग्यावर पेटतात.

त्याला भीती फक्त वादळाची.

बंगालच्या उपसागरात वादळ उठलं की त्याचं शेपूट आमच्याकडे येतं. पाणी तळापासून ढवळतं. डोंगा घसरतो, आडोसा मोडतो, मासे पांगतात.

मी सांगतेय त्याच्या एक वर्ष आधी असंच वादळ येणार होतं. मामाचा सोबती उदाराम डोंगा बांधायला एकटाच गेला. वारा सांगितलेल्या वेळेआधीच आला. उदारामची छोटी नाव पाळीला, तलावाच्या बांधाला, लागलेली सापडली.

उदाराम सापडला नाही.

बुडालेला माणूस उशिरा का होईना, वर येतोच. उदाराम आलाच नाही. त्याची बायको वच्छला अजून कुंकू लावते. तिला कुणी काही बोलत नाही.

मागच्या वर्षी पुन्हा मोबाईलवर वादळाचा इशारा आला. डोंगा बांधणं भाग होतं. या वेळी मामाने शेजारच्या भूपेंद्रला सोबत घेतलं.

दुपार होती. आभाळ पितळेसारखं पिवळं. वाऱ्याचा पत्ता नव्हता.

मामा सांगतो, तलावावर एक बगळा नव्हता... बेडूक नाही... पाणी नावेला लागतं त्याचासुद्धा आवाज नाही.

काम सोपं होतं. प्लास्टिकच्या जाड दोरीचं एक टोक नावेत भूपेंद्रच्या हातात. दुसरं टोक घेऊन मामाने बुडी मारायची, डोंग्याच्या कडीतून ओवायचं आणि पाण्यातल्या जुन्या येनाच्या झाडाच्या खुंटाला बांधायचं. अडचण आली तर दोरीला दोन झटके. म्हणजे, मला वर ओढ.

पाणी गढूळ. खाली डोळे उघडून उपयोग नाही, सगळं हाताने चाचपून. पहिल्या बुडीत कडी सापडली. दुसऱ्या बुडीत दोरी ओवली.

तिसऱ्या बुडीत मामा खुंटाला एका हाताने धरून दोरी मागून फिरवत होता. हात पुरत नव्हता.

आणि...

पलीकडून कुणीतरी दोरीचं टोक त्याच्या हातातून घेतलं.

हिसकावलं नाही. घेतलं. खुंटाभोवती फिरवलं आणि या बाजूने पुन्हा त्याच्या हातात दिलं.

मामाला वाटलं, भूपेंद्र मदतीला उतरला. त्याने गाठ मारली, वर आला, नावेची कड धरली.

भूपेंद्र नावेत बसला होता. अंगावर पाण्याचा थेंब नव्हता.

मामाने विचारलं, "तू खाली कायले आला होतास?"

भूपेंद्रने हातातल्या दोरीकडे पाहिलं.

"भाऊ, तुमी तं वर आले..." तो हळूच म्हणाला. "मंग दोरी कोन वढून राहिला?"

दोन झटके.

मग थांबलं.

पुन्हा दोन झटके.

पाणी तर काचेसारखं स्थिर होतं.

भूपेंद्र दोरी वर ओढायला लागला. खाली माणूस आहे, एवढंच तो म्हणत राहिला. मामा नावेत चढला, कंबरेचा चाकू काढला आणि दोरी कापली. का कापली, हे त्याला आजही सांगता येत नाही. हात आपोआप गेला म्हणतो.

ते पाळीवर पोचले आणि वारा सुटला.

त्या वादळात गावातली कौलं उडाली, मोहाची झाडं आडवी झाली. डोंगा मात्र जागचा हलला नाही. मोहल्ल्यात आनंद झाला. दिवाळीला प्रत्येक घरी मासोळी शिजली. मामाच्या घरी शिजली नाही.

शेवटी त्याला राहवलं नाही. तो वच्छलाकडे गेला आणि सगळं सांगितलं. दोरी कापली तेही. ती शिव्या घालेल, रडेल, असं त्याला वाटलं होतं. मी मामासोबत होते. वच्छलामामी तांदूळ पाखडत होती. तिचे हात थांबले.

तिने एकच विचारलं.

"झटका जोराचा होता, का हळू?"

मामा म्हणाला, "हळू होता, वहिनी."

"मंग थकला असन," ती म्हणाली, आणि पुन्हा पाखडायला लागली.

दुसऱ्या दिवशी ती तलावावर गेली. आता रोज जाते. पाळीच्या दगडावर बसते, पाण्याकडे पाहते, दिवस कलला की परत येते.

इथपर्यंत मामाचं सांगणं संपतं.

पण गोंदियाला माझ्या घरी परत निघताना बस स्टँडवर मला भूपेंद्र भेटला. त्याने मासेमारी सोडली आहे, आता गिट्टीच्या ट्रकवर जातो. मी त्याला वच्छलामामीचा प्रश्न आणि मामाचं उत्तर सांगितलं.

तो म्हणाला, "हळू नोहोता, ताई. मी नावेतून पडता पडता वाचलो."

मी म्हटलं, जाऊ दे, दोरी तर कापली ना.

"कापली. पन कापलेली दोरी पान्यावर तरंगते ना?" तो म्हणाला. "ते नाई तरंगली. खाली गेली. एक हात... मंग दुसरा हात... मंग पुन्हा पहिला. कोनी मोजून गुंडाळून राहिला होता."

बस आली, मी चढले.

मामाला मी हे अजून सांगितलेलं नाही. वच्छलामामीला तर नाहीच.

परवा मामाचा फोन आला होता. पुन्हा वादळाचा इशारा आहे. डोंगा बांधायला कोण जाणार, म्हणून मी विचारलं.

मामा म्हणाला, कुणाला जायची गरज पडली नाही. सकाळी गडी बुडी मारून पाहायला गेले, तर डोंगा मामाने कापलेल्या त्याच दोरीने आधीच बांधलेला होता.