वानच्या बसमागचं पाणी

जानेवारीतला भुरभुर पाऊस, आशियातल्या उस्कुदारहून युरोपातल्या बेशिक्ताशला जाणारी इस्तंबूलची सकाळची सात-पाचची बोट, आणि वरच्या मजल्यावर दोन्ही हात पसरून एकटीच बडबडणारी मी!

"पाहुणेहो, तुमच्यासमोर युरोप, तुमच्या पाठीशी आशिया! दोन खंडांना जोडणाऱ्या आमच्या देशात तुमचं मनापासून—"

'स्वागत' तोंडातच राहिलं. एका समुद्रपक्ष्यानं झेप घेऊन माझ्या पसरलेल्या हातातलं सिमित, तिळाचं गरम पावाचं कडं, पळवलं होतं. माझा न्याहारीचा घास गेला, आणि त्यावर कुणीतरी हसलंही.

हसणारा बाकाखाली होता. गुडघ्यांवर बसलेला, कानामागे पेन्सिल, तोंडात दोन खिळे. ते त्यानं हातात घेतले आणि म्हणाला, "त्याचं स्वागत झालं. बाकीच्यांचं होऊ द्या."

"लोकांचं चोरून ऐकता?"

"मी इथे बाक दुरुस्त करतोय, हानिम. तुम्हीच माझ्या डोक्यावर उभ्या राहून भाषण करताय."

हानिम म्हणे, बाईसाहेब! मी तोंड फिरवलं. नोकरी नवी होती. प्रवासी कंपनीनं मला परदेशी पाहुण्यांसाठी दहा मिनिटांची 'देशाची ओळख' पाठ करायला सांगितली होती. घरी पाठ करायला लागले की नेझाहत आत्या मधेच उठवून मला कांदे चिरायला लावायची, म्हणून मी बोटीवर बोलायचे. बोटीवर ऐकायला कोण असतं? असं मला वाटत होतं.

संध्याकाळी परतीच्या बोटीवर तो पुन्हा तिथेच. मी त्याच्याकडे ढुंकूनही न बघता सुरुवात केली, "तुमच्यासमोर युरोप, तुमच्या पाठीशी—"

"अरे वा!" बाकाखालून आवाज आला. "म्हणजे आजपासून उस्कुदार युरोपात गेलं?"

मी जीभ चावली. बोट उलटी निघाली होती आणि माझे हात सकाळचेच राहिले होते. समोर आमची टेकडी होती. तिच्यावर आत्याच्या स्वयंपाकघराची पिवळी खिडकीसुद्धा मला दिसत होती. मी स्वतःच्याच घराकडे बोट दाखवून युरोप म्हणत होते! राग यायला हवा होता, पण मला हसूच फुटलं. तोही हसला, आणि त्याच्या गालावर लाकडाचा भुसा लागलेला मला दिसला. सांगावंसं वाटलं... सांगितलं नाही.

त्याचं नाव सेरहात. सुतार. बोटीची जुनी बाकं बदलायला तीन महिन्यांसाठी आलेला, बेशिक्ताशला खोली घेऊन राहिलेला. गाव मात्र देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, वान. तिथल्या सरोवरावर बोटी चालतात आणि त्याच्या घरचे तीन पिढ्या त्या बोटी बांधतात, हे मला माहीतही नव्हतं.

"माहीत नाही?" तो म्हणाला. "मग देशाची ओळख कसली करून देता?"

"इस्तंबूल म्हणजेच देश. दोन्ही खंड इथेच आहेत."

"अंकाराच्या पुढे कधी गेलात?"

"...अंकारालाच गेले नाहीये."

त्यानं हातातली फळी खाली ठेवली. "मेल्तेम हानिम, तुमच्या पाठीशी जो आशिया आहे ना, तो फार लांबवर आहे. माझ्या आईच्या घरापर्यंत बसनं चोवीस तास लागतात. आणि तुम्ही त्याला अर्ध्या वाक्यात उरकता!"

त्या दिवसापासून माझं भाषण बिघडायला लागलं. रोज त्यात थोडं वान शिरायचं. रानपाल्याचं चीज, एक डोळा निळा नि एक पिवळा असलेली मांजरं, बर्फ वितळला की दुमदुमणारे ओढे. तो सांगायचा, मी लिहून घ्यायचे. चहावाला दोन पेले आणून ठेवायचा आणि माझ्याकडे न बघता सेरहातला विचारायचा, "उस्ता, आज कुठलं बाक?" सेरहात म्हणायचा, "हेच." गेले दहा दिवस ते 'हेच' चाललं होतं. त्या बाकावर मी बसायचे.

तुम्ही म्हणाल, मग एकमेकांना काही बोललात की नाही? नाही! फोन नंबरसुद्धा घेतला नाही. सात-पाचची बोट असताना नंबर लागतो कशाला?

मार्च संपत आला आणि एका संध्याकाळी तो कानामागची पेन्सिल काढून खिशात ठेवत म्हणाला, "बाकं संपली. उद्या सकाळी निघतो. बेशिक्ताशच्या बाजूच्या मोठ्या बसस्थानकावरून, दहाची बस."

"उद्या?"

"उद्या."

पाण्याचा आवाज येत राहिला. मी पेल्यातली साखर ढवळत होते. ती केव्हाच विरघळली होती.

"गंमत आहे," तो हळूच म्हणाला. "गावाहून निघालो तेव्हा आईनं माझ्यामागे अख्खी बादली ओतली. शेजारणींनी वेगळी. इथून जाताना मात्र... माझ्यामागे पाणी ओतणारं कुणी नाही."

आमच्याकडे प्रवासाला निघालेल्या माणसाच्या मागे घरचं माणूस पाणी ओततं. वाटेत कुठे न अडता पाण्यासारखा जावा आणि तसाच परत यावा म्हणून. परक्या माणसामागे कुणी ओतत नाही. तो काय म्हणत होता ते मला कळलं, अगदी शब्दाशब्दानं कळलं. आणि कळल्यामुळेच मी इतकी गांगरले, की मी जे तोंडाला येईल ते बोलून गेले.

"टॅक्सीवाल्याला सांगा. त्याच्याकडे बाटली असतेच."

तो हसला नाही. तीन महिन्यांत पहिल्यांदाच हसला नाही. "खरंय," म्हणाला, "सांगेन." आणि बोट धक्क्याला लागली.

घरी येऊन मी आत्याच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. सगळं ऐकून तिनं माझ्या डोक्यावर एक टपली मारली. "जिभेला हाड नाही तुझ्या, पोरी. तुझ्या बापाचीच गत. तोही नको तिथे विनोद करायचा."

"तो आता कधीच येणार नाही, आत्या."

"मागे पाणी न ओतताच गेला तर कसा येईल?" ती म्हणाली.

सकाळी उठले तर खिडकीबाहेर धुकंच धुकं. बोटी बंद! मी आत्याचा तांब्याचा जग नळाखाली धरून भरला, त्याच्या तोंडाला रुमाल बांधला आणि पळत सुटले. समुद्राखालून जाणारी गाडी पकडली. डब्यात सगळे माझ्या हातातल्या जगाकडे बघत होते. एक आजोबा उठले आणि मला जागा देत म्हणाले, "बस मुली, उभ्यानं सांडेल. जाणाऱ्याच्या मागे ओतायचं आहे ना ते?"

 मी नुसती मान हलवली.

गाडी बदलली, जिने चढले. मोठ्या बसस्थानकावर पोचले तेव्हा घड्याळात दहा वाजून बारा मिनिटं. वानच्या फलाटावर कुणी नव्हतं. तिथे तेलाचा एक डाग होता आणि एक मांजर.

"वानची गेली?" मी तिकीट खिडकीवरच्या माणसाला विचारलं.

"गेली की. वेळेवर." त्याचं लक्ष माझ्या हातातल्या जगाकडे गेलं आणि आवाज मऊ झाला. "कुठून आलात एवढं पाणी घेऊन?"

"उस्कुदारहून."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "उस्कुदारहून... इकडे? अहो ताई, वानची बस पूल ओलांडून तिकडेच जाते. तुमच्या बाजूच्या स्थानकावर थांबते. अर्धी माणसं तिथूनच चढतात!"

मी कपाळावर हात मारून घेतला. आमच्या टेकडीखालचं बसस्थानक! आत्याच्या स्वयंपाकघरातून रोज दिसतं. लहानपणापासून मी कांदे चिरता चिरता पूर्वेकडे जाणाऱ्या बस मोजत आलेय. आणि मी, लोकांना देशाची ओळख करून देणारी मी, एका खंडातल्या माणसाला शोधायला दुसऱ्या खंडात आले होते.

"पळा," तो माणूस ओरडला, "धुकं आहे, पुलावर गाड्या तुंबल्यात!"

परत जिने, परत गाडी, परत समुद्राखालून. आता मी जग धरला नव्हता, जगानं मला धरलं होतं. रुमाल केव्हाच सुटला, बाही कोपरापर्यंत भिजली. उस्कुदारला उतरून किनाऱ्याच्या रस्त्यानं धावताना मी एकच घोकत होते. तुंबू दे... अजून थोडा वेळ तुंबू दे...

स्थानकात निळी बस उभी होती. काचेवर 'वान'. सामान चढत होतं. आणि बसच्या दाराशी, चहाचा पेला हातात घेऊन, सेरहात आमच्या टेकडीवरच्या खिडक्यांकडे बघत उभा होता. धुक्यात त्याला एकही दिसत नसणार.

हुश्श!

"तिसरी ओळ... डावीकडून दुसरी," मी धापा टाकत म्हणाले. "पिवळी."

तो वळला. पेल्यातला चहा त्याच्या बोटांवर सांडला.

"तू..." तो म्हणाला. "तू कुठून आलीस?"

"युरोपातून."

"काय?"

"तुझ्यामागे पाणी ओतायला गेले होते. तू इकडे होतास." मला आता रडू आवरेना. "मी मूर्ख आहे, सेरहात. बसच्या बाबतीत पण आणि काल पण. टॅक्सीवाल्यानं नको ओतायला. मी ओतणार. तू परत यायला हवायस."

त्यानं पेला खाली ठेवला. मग अगदी हळू म्हणाला, "मी जात होतो ते आईला आणि मोठ्या काकांना घेऊन यायला. तुझ्या घरी. तुझ्या आत्याकडे तुझा हात मागायला. काल तुझं ऐकलं आणि म्हटलं... राहू दे."

"राहू नको देऊस!" मी इतक्या मोठ्यानं ओरडले, की सामान चढवणारा माणूस थांबला.

"बघ हं. काका फार बोलतात."

"आत्याही बोलते."

तो हसला. तेच ते हसू! माझ्या जिवात जीव आला. भोंगा वाजला, तो पायरीवर चढला आणि मी जग उपडा केला... जेमतेम घोटभर पाणी पडलं. बाकी सगळं दोन खंडांत सांडून आले होते.

"एवढ्याशा पाण्यावर मी अंकारापर्यंतच जाईन," तो वरून म्हणाला.

मुलाला निरोप द्यायला आलेली, शेजारी उभी असलेली बाई सगळं ऐकत होती. तिनं आपली बाटली माझ्या हातात कोंबली. "ओत पोरी, सगळं ओत. माझ्या पोराला मी दुसरी आणते." मग तिच्यामागच्या आजीनं आपली दिली. मी दोन्ही ओतल्या. घाईत बस निघायच्या आधीच ओतल्या, त्यामुळे निम्मं पाणी सेरहातच्या बुटांत गेलं. चोवीस तासांचा प्रवास त्यानं ओल्या मोज्यांनी केला आणि प्रत्येक थांब्यावरून मला तसं कळवलं. हो, नंबर घेतला त्या दिवशी!

नंतरचे अठरा दिवस मी कांदे फार बारीक चिरले. पूर्वेकडून येणारी प्रत्येक बस मी खिडकीतून बघितली. किनाऱ्यावरची, वसंतात फुलणारी जुदासाची झाडं गुलाबी झाली. एका सकाळी आत्या माझ्याआधी खिडकीशी उभी होती.

"निळी आली," ती म्हणाली. "डोळे पूस आणि कॉफीचं भांडं काढ. मागणीची कॉफी मुलीनंच करायची असते."

मी तिच्या खांद्यावरून वाकून बघितलं. बसमधून चीजचा भलामोठा डबा घेतलेले एक काका उतरले. ते उतरतानाच बोलत होते. मग एक ठेंगणी बाई उतरली. डोक्याला पांढरा रुमाल, हात सेरहातच्या हातात. आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघत असावी तशी ती पाण्याकडे बघतच राहिली.

सेरहात तिला ओळख करून देत होता. एक हात त्यानं पाण्यापलीकडे केला. तो युरोप असणार. मग तो वळला, आणि दुसरा हात सरळ वर, आमच्या खिडकीकडे केला. त्याची आई मान वर करून हसली.

त्याचे हात अगदी बरोबर होते.